सर्व्हरची मेमरी : स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेलच असे नाही

कोल्हापूर आणि परिसरातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सर्व्हरच्या मेमरीविषयीची काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे प्रसिद्ध केलेली नाहीत आणि मजकूर आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाच्या कास्टिंगची फाउंड्री आहे. ओतलेला धातू थंड होताना आत पोकळी कोठे राहील याचे गणित करणारे सॉफ्टवेअर आम्ही दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर चालवतो. प्रोसेसर इंटेल झिऑन ई५-२६२० व्ही४ आहेत आणि प्रत्येकाला १६ जीबीची दोन, अशी एकूण चार मॉड्यूल (मेमरीच्या पट्ट्या) आहेत. मोठ्या साच्यांसाठी मेमरी अपुरी पडू लागल्याने शहरातून ३२ जीबीची दोन डीडीआर४ मॉड्यूल आणली. ती स्लॉटमध्ये नीट बसली, दोन्ही बाजूंचे खटके लागले. परंतु सर्व्हर सुरू केल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. नवी मॉड्यूल काढली की सर्व्हर पूर्ववत चालतो. दुकानदाराने तीच मॉड्यूल त्याच्या संगणकावर चालवून दाखवली. जुन्या मॉड्यूलच्या लेबलवर ‘१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर’ आणि नव्यांवर ‘३२जीबी २आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यू’ असे छापले आहे. आमच्या मदरबोर्डमध्ये दोष आहे का?

उत्तर : आपल्या मदरबोर्डमध्ये दोष नाही आणि नव्या मॉड्यूलमध्येही नाही. आपण लेबले जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, त्यामुळे उत्तर आपल्या पत्रातच सापडले. जुन्या लेबलच्या शेवटी ‘आर’ आहे आणि नव्या लेबलच्या शेवटी ‘यू’ आहे. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड आणि ‘यू’ म्हणजे अनबफर्ड. डीडीआर४ पिढीत या दोन्ही प्रकारांना २८८ संपर्कबिंदू असतात आणि खालच्या कडेची खाचही एकाच जागी असते. म्हणून अनबफर्ड मॉड्यूल रजिस्टर्डच्या स्लॉटमध्ये कोणतीही अडचण न येता बसते. विद्युत रचनेच्या दृष्टीने मात्र ते वेगळे आहे, आणि आपल्या वर्गातला सर्व्हर बोर्ड ते स्वीकारत नाही.

रजिस्टर्ड मॉड्यूलच्या मध्यभागी रजिस्टर नावाची एक स्वतंत्र चिप असते. मेमरी कंट्रोलरकडून, म्हणजे मेमरीची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाकडून, येणारे आज्ञांचे आणि पत्त्यांचे संकेत ती आधी स्वतःकडे घेते आणि मग मॉड्यूलवरच्या सर्व मेमरी चिप्सना पोहोचवते. त्यामुळे कंट्रोलरवरचा विद्युतभार कमी होतो आणि एकेका चॅनलवर (कंट्रोलर आणि मेमरी यांच्यातील स्वतंत्र वाटेवर) दोन-तीन मोठी मॉड्यूल लावता येतात. साध्या टेबलावरच्या संगणकात एवढी मॉड्यूल लागतच नाहीत, म्हणून तेथे ही चिप नसते आणि तेथील कंट्रोलर थेट मेमरी चिप्सशी बोलतो. दुकानदाराच्या संगणकावर नवी मॉड्यूल चालली ती याच कारणाने. दोन्ही प्रकार १.२ व्होल्टवर चालत असल्याने आपल्या प्रयोगात काही जळण्याचे कारण नव्हते. मॉड्यूल सुस्थितीत असतील, तर दुकानदाराने ती बदलून द्यावीत अशी विनंती आपण निःसंकोच करावी.

लेबल फाटलेले किंवा पुसलेले असेल तर मेमरी चिप्स मोजाव्यात. त्रुटी-दुरुस्तीची सोय असलेल्या डीडीआर४ मॉड्यूलवर ६४ बिट माहितीसोबत ८ बिट तपासणीसाठी ठेवलेले असतात, म्हणून मेमरी चिप्सची संख्या ९ च्या पटीत येते. ती ८ च्या पटीत आली, तर तेथे त्रुटी-दुरुस्ती नाही असे समजावे. लेबलवरचे ‘२आर’ म्हणजे चिप्सचे दोन संच आणि ‘एक्स४’ किंवा ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिपची चार किंवा आठ बिटांची रुंदी; त्यानुसार आपल्या नव्या मॉड्यूलवर १६ चिप्स दिसतील आणि जुन्यांवर ३६, शिवाय मधली रजिस्टर चिप. ही मोजणी दुकानाच्या काउंटरवर अर्ध्या मिनिटात होते.

आता काय घ्यावे याविषयी. आपल्या प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे चार स्वतंत्र चॅनल आहेत आणि आज त्यांपैकी दोनच वापरात आहेत. हा प्रोसेसर डीडीआर४ मेमरी जास्तीत जास्त २१३३ च्या (सेकंदाला २१३३ दशलक्ष हस्तांतरांच्या) गतीने चालवतो. त्या गतीला एका चॅनलमधून सेकंदाला सुमारे १७ जीबी माहिती जाते, म्हणजे चारही चॅनल भरल्यास ६८ जीबीच्या आसपास आणि आजच्या स्थितीत त्याच्या निम्मी. धातूच्या गोठण्याचे गणित करताना लाखो घटकांची तापमाने पुन्हा पुन्हा मेमरीतून वाचावी लागतात, त्यामुळे आपल्या कामात क्षमतेइतकाच हा रुंदपणाही मोलाचा आहे. म्हणून ३२ जीबीची दोन मॉड्यूल घेण्याऐवजी सध्याच्याच प्रकारची, म्हणजे १६ जीबीची, २आरएक्स४ आणि शेवटी ‘आर’ असलेली आणखी चार मॉड्यूल घ्यावीत आणि प्रत्येक प्रोसेसरला दोन-दोन द्यावीत असे मी आग्रहाने सुचवेन. एकूण मेमरी १२८ जीबी होईल, म्हणजे आपण आणलेल्या दोन मॉड्यूलमुळे जेवढी झाली असती तेवढीच, आणि चारही चॅनल कामाला लागतील. २६६६ किंवा ३२०० चे रजिस्टर्ड मॉड्यूल मिळाले तरी ते २१३३ नेच चालेल; केवळ गतीच्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

पुढेमागे ३२ जीबीची मॉड्यूल घ्यावीशी वाटली तर एक बारीक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ३२ जीबीचे रजिस्टर्ड मॉड्यूल मुख्यतः दोन प्रकारांनी बनते : २आरएक्स४, ज्यात ८ गिगाबिटच्या चिप्स असतात; आणि अलीकडचे २आरएक्स८, ज्यात १६ गिगाबिटच्या निम्म्याच चिप्स असतात. आपल्या पिढीचे प्रोसेसर ८ गिगाबिटपर्यंतच्या चिप्स गृहीत धरून बनवलेले आहेत. नव्या पद्धतीचे मॉड्यूल रजिस्टर्ड असूनही, डीडीआर४ असूनही आणि स्वस्त असूनही आपल्या बोर्डावर अडून बसण्याची दाट शक्यता असते. त्यामुळे बोर्डाच्या उत्पादकाने चाचणी घेऊन प्रसिद्ध केलेली मॉड्यूलची यादी पाहून त्यातील भाग-क्रमांकच दुकानदाराला लिहून द्यावा. ‘डीडीआर४, ३२ जीबी’ एवढेच सांगून सर्व्हरची मेमरी मागवणे मला मान्य नाही, कारण त्या दोन शब्दांत सहा-सात वेगवेगळ्या वस्तू बसतात.

बसवण्याच्या कामाविषयी आपण विचारलेले नाही, तरी फाउंड्रीतल्या सर्व्हरसाठी थोडे लिहिणे भाग आहे. बिडाच्या कारखान्यातील धुळीत वाळूबरोबर काजळी आणि धातूचे सूक्ष्म कणही असतात आणि ती धूळ वीजवाहक असू शकते. सर्व्हर कार्यालयाच्या स्वच्छ खोलीत आणूनच उघडावा. दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढाव्यात, कारण केवळ बटण बंद केल्याने बोर्डावरचा राखीव पुरवठा बंद होत नाही. बोर्डावरचे छोटे दिवे विझेपर्यंत थांबावे. रिकाम्या स्लॉटमध्ये साचलेली धूळ कोरड्या, दाबयुक्त हवेने काढावी. कंप्रेसरची हवा वापरू नये, कारण तिच्यात तेल आणि पाणी असते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. तो नसल्यास निदान चेसिसच्या रंग नसलेल्या धातूला वारंवार स्पर्श करावा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तर हे टाळू नयेच. मॉड्यूल कडांनी धरावे, खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. खटके आपोआप मिटले पाहिजेत. ते बोटांनी ओढून लावावे लागत असतील, तर मॉड्यूल पूर्ण खाली गेलेले नाही. कोणता स्लॉट आधी भरायचा याचा नकाशा बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असतो आणि प्रत्येक चॅनलचा पहिला स्लॉट वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या रंगाच्या खटक्याचा असतो.

प्रोसेसर आणि मेमरीवरून हवा नेणारे प्लॅस्टिकचे आवरण पुन्हा बसवायला विसरू नये. मेमरी बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना सर्व्हर प्रत्येक चॅनलचे संकेत नव्याने जुळवून घेतो. त्यात काही मिनिटे जाऊ शकतात आणि तोपर्यंत पडदा कोरा राहतो. त्या वेळी घाईने वीज तोडू नये.

प्रश्न : इचलकरंजीतील आमच्या पतसंस्थेने वापरलेला सर्व्हर घेतला आहे. बोर्डावर मेमरीचे १६ स्लॉट आहेत, पण त्यांपैकी आठ स्लॉटमध्ये लावलेली मॉड्यूल दिसतच नाहीत. उरलेल्या आठ स्लॉटमध्ये ६४ जीबी लावल्यावर बायोसमध्ये ६४ दिसतात, मात्र विंडोज सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्डमध्ये ३२ जीबीच वापरता येते. स्लॉट खराब असल्याने सर्व्हर परत करावा का?

उत्तर : आधी झाकण उघडून पाहावे. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर एकच प्रोसेसर बसवलेला असेल, तर दुसऱ्या सॉकेटच्या बाजूचे स्लॉट निर्जीवच राहतात. कारण अशा सर्व्हरमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो आणि स्लॉटच्या तारा थेट आपापल्या प्रोसेसरकडे जातात. आपल्या वर्णनावरून हेच कारण सर्वाधिक संभवते. दोन्ही सॉकेट भरलेले असूनही एका बाजूचे सर्व स्लॉट मुके असतील, तर मात्र सॉकेटमधील वाकलेल्या पिनांची शंका घ्यावी आणि सर्व्हर विक्रेत्याकडे परत न्यावा.

३२ जीबीची मर्यादा हार्डवेअरची नाही. विंडोज सर्व्हर २००८ आर२ ची स्टँडर्ड आवृत्ती ३२ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरतच नाही, मग बोर्डावर कितीही लावलेली असो. याहून गंभीर बाब अशी, की या प्रणालीचा नियमित विस्तारित आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. ठेवीदारांची खाती असलेल्या यंत्रावर ती चालू ठेवणे मला अजिबात योग्य वाटत नाही. मेमरीवर खर्च करण्यापूर्वी संचालक मंडळासमोर नवी प्रणाली घेण्याचा विषय ठेवावा. नव्या आवृत्तीत ही ३२ जीबीची अडचण उरणार नाही.

प्रश्न : मी जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करते. ऊस वजनकाट्याचा सर्व्हर गेल्या काही दिवसांपासून एका ठराविक स्लॉटचे नाव देऊन ‘दुरुस्त झालेली मेमरी त्रुटी’ अशी नोंद करत आहे. काम थांबलेले नाही. गाळप हंगाम चालू असल्याने काटा बंद ठेवता येत नाही. वाट पाहिली तर चालेल का?

उत्तर : थोडी वाट पाहता येईल, पण तयारीनिशी आणि नोंदींवर लक्ष ठेवून.

सर्व्हरच्या मेमरीत माहितीच्या प्रत्येक ६४ बिटांसोबत ८ तपासणीचे बिट साठवले जातात. त्यांच्या आधारे एक बिट चुकला तर कंट्रोलर तो जागच्या जागी दुरुस्त करतो, आणि दोन बिट एकदम चुकले तर निदान चूक झाल्याचे ओळखतो. या पद्धतीचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनी बेल प्रयोगशाळेत असताना १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने घातला. आपल्या नोंदीतील ‘दुरुस्त झालेली’ या शब्दांचा अर्थ असा, की शेतकऱ्याच्या गाडीचे वजन म्हणून जे साठवले गेले ते बिनचूक आहे. हीच चूक साध्या मेमरीत झाली असती तर ती कोणाला कळलीही नसती. काट्याच्या नोंदीवरून उसाचे बिल ठरते. तेव्हा या जागी त्रुटी-दुरुस्तीची मेमरीच असली पाहिजे, या मताशी मी ठाम आहे.

आता चिंतेचा भाग. गूगलच्या सर्व्हरांवरील मेमरीचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलवर दुरुस्त होण्याजोग्या त्रुटी आढळल्या होत्या, म्हणजे आपल्यावर काही विचित्र प्रसंग आलेला नाही. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या मॉड्यूलवर अशा त्रुटी येतात त्यावर पुढे दुरुस्त न होणारी त्रुटी येण्याची शक्यता कितीतरी वाढते. महिन्यातून एखादी नोंद आणि तासातासाला येणाऱ्या नोंदी यांत म्हणूनच फरक करावा लागतो. नोंदी एकाच स्लॉटच्या असतील आणि त्यांच्यातले अंतर कमी होत चालले असेल, तर ते मॉड्यूल बदलायचेच असे ठरवून टाकावे.

आजच तंतोतंत त्याच प्रकारचे एक मॉड्यूल मागवून ठेवावे. सध्याचे मॉड्यूल ‘एक्स४’ असेल तर नवेही ‘एक्स४’च घ्यावे, कारण अनेक सर्व्हर अशा मॉड्यूलवरची एक संपूर्ण चिप निकामी झाली तरी माहिती सावरू शकतात आणि ती सोय ‘एक्स८’ मॉड्यूलवर सहसा पूर्णपणे मिळत नाही. काट्याच्या नोंदींची प्रत दर पाळीला दुसऱ्या यंत्रावर घ्यावी. दुरुस्तीसाठी किंवा सफाईसाठी गाळप थांबते तेव्हा चिटबॉयपासून काटा-लिपिकापर्यंत सर्वांना आधी कळवून अर्धा-पाऊण तास मागून घ्यावा. त्या वेळात संशयित मॉड्यूल आणि शेजारच्या चॅनलमधील मॉड्यूल यांच्या जागा आधी बदलून पाहाव्यात. नोंद मॉड्यूलबरोबर दुसऱ्या स्लॉटवर गेली तर मॉड्यूल दोषी आहे. ती जुन्याच स्लॉटवर राहिली तर स्लॉट, सॉकेट किंवा प्रोसेसर तपासावा लागेल. साखर कारखान्यात बगॅसचा बारीक भुसा हवेत असतोच, त्यामुळे काही वेळा मॉड्यूल काढून, संपर्कपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून पुन्हा बसवल्यावर नोंदी थांबतात. पट्टी खोडरबराने घासण्याची सवय मात्र सोडून द्यावी. तिच्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो.

दुरुस्त न झालेल्या त्रुटीची एक जरी नोंद आली, तरी हंगामाचा विचार न करता ते मॉड्यूल त्याच दिवशी काढावे. कमी मेमरीवर काटा थोडा हळू चालला तरी हरकत नाही.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एएमडी एपिक ७००२ मालिकेचा एक प्रोसेसर आणि मेमरीचे आठ स्लॉट असलेला सर्व्हर आहे. त्यात ३२ जीबीची चार मॉड्यूल आहेत. दुसऱ्या बंद सर्व्हरमधील ६४ जीबीची चार मॉड्यूल उरलेल्या स्लॉटमध्ये लावता येतील का? कंपन्या वेगळ्या आहेत.

उत्तर : कंपनी वेगळी असल्याने सहसा काही बिघडत नाही. पाहायचे ते लेबलवरचे अक्षर. ६४ जीबीच्या मॉड्यूलवर शेवटी ‘एल’ असेल तर ती लोड-रिड्यूस्ड प्रकारची आहेत आणि रजिस्टर्ड मॉड्यूलबरोबर एकाच बोर्डावर ती लावता येत नाहीत. ‘आर’ असेल तर सर्व्हर बहुधा सुरू होईल. ३२ आणि ६४ च्या अशा मिश्रणाला आपला बोर्ड मान्यता देतो का, हे मात्र त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.

या प्रोसेसरला आठ चॅनल आहेत आणि ३२०० च्या गतीला ते सर्व भरले, तर सेकंदाला २०४.८ जीबी इतका कमाल प्रवाह मिळतो. तो मिळण्यासाठी लागोपाठचे पत्ते आठही चॅनलमध्ये समान वाटले जावे लागतात. काही चॅनलमध्ये ३२ आणि काहींमध्ये ६४ असल्यास ही वाटणी असमान होते आणि मेमरीच्या काही भागाची गती कमी भरते. विद्यार्थ्यांचे आभासी संगणक चालवायचे असतील तर हे चालून जाईल, कारण तेथे क्षमता महत्त्वाची असते. संख्यात्मक गणिते किंवा संशोधनाची कामे असतील, तर त्या बंद सर्व्हरची ६४ ची चार मॉड्यूल तशीच राखून ठेवावीत आणि ३२ जीबीची आणखी चार घ्यावीत. सर्व मॉड्यूल त्यांच्यातील सर्वांत मंद मॉड्यूलच्या गतीने चालतील, हेही लक्षात घ्यावे. २४०० चे एक मॉड्यूल मिसळले तर बाकी सातही २४०० वर येतात.

प्रश्न : नवा डीडीआर५ सर्व्हर घेतल्यास आमच्या जुन्या डीडीआर४ सर्व्हरची मेमरी त्यात वापरता येईल का? आणि घरच्या संगणकाची डीडीआर५ मेमरी? (कागल)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. डीडीआर५ मॉड्यूललाही २८८ च संपर्कबिंदू आहेत, परंतु खाच सरकवलेली असल्याने डीडीआर४ मॉड्यूल त्या स्लॉटमध्ये जात नाही. जोर लावल्यास स्लॉट तुटेल. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप मॉड्यूलवरच आली आहे. सर्व्हरच्या रजिस्टर्ड मॉड्यूलला बोर्डाकडून १२ व्होल्ट मिळतात आणि घरगुती मॉड्यूलला ५ व्होल्ट, म्हणून या पिढीत त्या दोन प्रकारांच्या खाचाही वेगळ्या ठेवल्या आहेत. शिरोलीच्या वाचकांना आलेली अडचण येथे येणार नाही, कारण चुकीचे मॉड्यूल आत जाणारच नाही.

‘डीडीआर५ मध्ये त्रुटी-दुरुस्ती अंगभूतच असते’ असे विक्रेते सांगतात, त्याविषयीही सावध असावे. ती सोय प्रत्येक चिपच्या आतल्या आत चालते. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. सर्व्हरसाठी पूर्ण त्रुटी-दुरुस्तीचे रजिस्टर्ड मॉड्यूलच घ्यावे आणि खरेदीच्या पत्रात तसे स्पष्ट लिहावे. जुन्या सर्व्हरची मेमरी त्या सर्व्हरमध्येच ठेवून तो बॅकअपसाठी वापरावा.